तोंडाचं दार आणि डोळ्यांचा करार

प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी मुलांच्या धर्मशिक्षणाबद्दल, लग्नाच्या खर्चाबद्दल विचारणारे वाचक आता स्वतःबद्दल विचारू लागतात. या वेळची बरीचशी पत्रं जिभेबद्दल आहेत, काही डोळ्यांबद्दल. पत्रं लांब होती. ओळख पटेल असं सगळं काढून ती थोडक्यात दिली आहेत.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी धर्मपंडित नाही. वसईच्या किनाऱ्यावर सरकारी आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, गावं मला अजून नर्सबाई म्हणूनच हाक मारतात. बायबल रोज वाचते. जे लिहिते ते या दोन्हींच्या आधारानं लिहिते.

नर्सबाई, आमच्या शेजारच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिला लहानपणापासून आकडी येते आणि ते मुलाकडच्यांना उशिरा कळलं, असं मुलाच्या मावशीनं मला सांगितलं. मी ते महिला मंडळातल्या दोघीतिघींजवळ बोलले. तिथून ते व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. आता मुलीची आई मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, माझ्यापासून लांबच्या बाकावर बसते. पण मी खोटं काहीच बोलले नाही. खरं बोलणं पाप कसं होईल? — वसई तालुक्यातली एक वाचक

ताई, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देते. होय, खरं बोलूनही पाप होतं.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात, १९९२ साली, कॅथोलिक ख्रिस्तसभेनं आपली शिकवण एका ग्रंथात एकत्र मांडली. आठव्या आज्ञेखाली (खोटी साक्ष देऊ नकोस), परिच्छेद २४७७ मध्ये, दुसऱ्याच्या नावाला धक्का लावण्याचे तीन प्रकार दिले आहेत. पुरावा नसताना कोणाला मनातल्या मनात दोषी धरणं, हा पहिला. खोटं सांगून बदनामी करणं, हा तिसरा. मधला प्रकार तुमच्या पत्राशी जुळतो : ज्यांना ठाऊक नाही त्यांना, तसं योग्य कारण नसताना, दुसऱ्याचा खरा दोष सांगणं. तुमच्या बाबतीत तर दोषही नव्हता. आजार होता. आकडी हा मेंदूचा आजार आहे. नियमित गोळ्यांनी बहुतेकांची आकडी आटोक्यात राहते, त्यांची लग्नं होतात, त्यांना मुलं होतात. तुम्ही ज्या गोष्टीला 'कारण' म्हणता, ती त्या मुलीनं वर्षानुवर्षं गोळ्या घेऊन सांभाळलेली खाजगी गोष्ट आहे. ती कोणाला, कधी सांगायची हे ठरवण्याचा हक्क तिचा. मुलाकडच्यांना ते आधी सांगायला हवं होतं की नाही, हा त्या दोन घरांमधला प्रश्न होता. महिला मंडळाचा नव्हता.

बायबलमधल्या नीतिसूत्रे या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात चहाडखोर गुपितं उघडी करतो आणि विश्वासू माणूस गोष्ट झाकून ठेवतो, असं म्हटलं आहे. पंचविसाव्या अध्यायात आणखी थेट सांगितलंय : शेजाऱ्याशी तुझा वाद असेल तर तो त्याच्याशीच बोल, दुसऱ्याचं गुपित फोडू नकोस. नीतिसूत्रं लिहिणाऱ्याला गावाची आळी चांगली माहीत होती, असं मला ती वाचताना नेहमी वाटतं.

माझ्या कामाचं एक सांगते. क्षयरोग्याला आमच्या डोळ्यांदेखत गोळ्या द्याव्या लागायच्या, निदान सहा महिने. पिशवी घेऊन मी एखाद्या आळीत शिरले की ओट्यावरून हाक यायची, "नर्सबाई, कोणाकडे?" मी थेट रुग्णाच्या घरी कधी गेले नाही. आधी अलीकडच्या घरात बाळाचं वजन करायचं, मग पलीकडच्या घरात आजींचा रक्तदाब पाहायचा, आणि मधल्या घरात जणू पाणी प्यायला टेकायचं. गोळ्या स्टीलच्या डब्यात, वर कापसाचा बोळा. ओट्यावरच्या बाईला उत्तर द्यायचं, "तुमच्या नातवाचा गोवरचा डोस राहिलाय, मंगळवारी घेऊन या." यात खोटं काहीच नव्हतं. जे सांगायचं ते सांगितलं, जे दुसऱ्याचं होतं ते डब्यात राहिलं. त्या आळीतल्या बायका आजही मला पायरीवर बसवून चहा देतात, आणि मधल्या घरात तेव्हा काय होतं हे कोणाला ठाऊक नाही.

आता तुम्ही काय करायचं ते. त्याच ग्रंथात परिच्छेद २४८७ म्हणतो की दुसऱ्याच्या नावाचं नुकसान केलं असेल तर क्षमा मिळूनही भरपाईचं कर्तव्य उरतं. म्हणजे प्रायश्चित्त संस्कार घेतला, फादरांपुढे पाप कबूल केलं, की सगळं संपलं, असं होत नाही. त्या आईकडे एकट्या जा. मिस्सेनंतर अंगणात गाठू नका, घरी जा. "मी बोलायला नको होतं, माझं चुकलं," एवढंच म्हणा. मावशीनं सांगितलं, माझा हेतू वाईट नव्हता, हे पुढे जोडू नका. ती रागावली तर ऐकून घ्या. नंतर ज्या दोघीतिघींना सांगितलंत त्यांच्याकडे जाऊन, हे माझ्यापासून निघालं आणि तुमच्यापाशी थांबू द्या, असं सांगा. ग्रुपवर मात्र माफीनामा टाकू नका. ज्यांनी अजून वाचलेलं नाही तेही त्यामुळे वाचतील.

मुलाच्या मावशीनं पुन्हा काही सांगितलं तर सिराखच्या ग्रंथाचा एकोणिसावा अध्याय आठवा. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात जेरुसलेममधल्या एका शिक्षकानं तो लिहिला. तो म्हणतो, मित्राबद्दल काही ऐकलंस तर आधी त्यालाच विचार, कदाचित त्यानं ते केलंही नसेल. शेजाऱ्यालाही विचार, कदाचित तो तसं बोललाही नसेल. (प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये हा ग्रंथ नाही, म्हणून रत्नागिरी-दापोलीकडच्या वाचकांनी शोधून सापडला नाही तर गोंधळू नये.)

मी कॉलेजला आहे. वर्गातल्या एका मुलाच्या बोलण्याची नक्कल केली, सगळे हसले, तो रडला. मी फक्त मस्करी केली होती. — सावंतवाडी

नीतिसूत्रे, अध्याय २६, ओवी १८ आणि १९ उघड. शेजाऱ्याला फसवून 'मी थट्टा करत होतो' म्हणणाऱ्याला तिथे पेटते निखारे आणि बाण फेकणाऱ्या वेड्याच्या ओळीत बसवलं आहे. त्याला उद्या भेट आणि क्षमा माग. ज्यांच्यासमोर नक्कल केलीस त्यांच्यासमोरच माग, कारण तो त्यांच्यासमोर रडला.

मी नायगावहून रोज लोकलनं कामाला जातो. मोबाइलवर नको ते पाहायची सवय लागली आहे. आमच्या मित्रांचा एक ग्रुप आहे. त्यात गावच्या सणाला मुलींचे फोटो नकळत काढून टाकतात आणि खाली काहीबाही लिहितात. मी लिहीत नाही, पण पाहतो. बायबलमधल्या ईयोबानं डोळ्यांशी करार केला असं फादर प्रवचनात म्हणाले. आजच्या काळात ते शक्य आहे का? — एक तरुण

शक्य आहे. कराराचा अर्थ आधी नीट समजून घे.

ईयोबाच्या ३१व्या अध्यायाची पहिलीच ओवी ती आहे : मी माझ्या डोळ्यांशी करार केला आहे, मग मी कुमारीकडे नजर कशी लावीन? ईयोबानं करार कोणाशी केला ते बघ. मुलींशी नाही, त्यांच्या आईबापांशी नाही, त्यांच्या कपड्यांशी नाही. स्वतःच्या डोळ्यांशी केला. आपल्या गावांत सणाच्या आधी मुलींना चार सूचना दिल्या जातात आणि मुलांना एकही दिली जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बायबलमध्ये ही जबाबदारी पाहणाऱ्याची आहे.

नजर पडणं वेगळं. डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय, पाचवा अध्याय) येशू ज्याबद्दल बोलतो ते अभिलाषेनं पाहणं आहे, म्हणजे मनात धरून, पुन्हा पुन्हा, त्या व्यक्तीला वस्तू करून पाहणं. दावीद राजाची गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात, ११व्या अध्यायात आहे. राजे लढाईला जायच्या दिवसांत तो जेरुसलेमलाच राहिला, संध्याकाळी उठून गच्चीवर फिरू लागला आणि त्याला आंघोळ करणारी स्त्री दिसली. इथे थांबता आलं असतं. त्यानं चौकशीला माणूस पाठवला. उत्तर आलं, ती उरियाची बायको आहे. इथेही थांबता आलं असतं, कारण आता ती नुसती 'दिसलेली' कोणी नव्हती, तिला नाव होतं, नवरा होता. तरी त्यानं तिला आणवलं, आणि शेवटी उरियाचा जीव गेला. तुझ्या ग्रुपमधल्या प्रत्येक मुलीलाही नाव आहे. तुला ती नावं ठाऊक आहेत. त्यांच्यातल्या काही तुझ्याबरोबर पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभ्या असतील.

म्हणून ग्रुपचं आधी. "हे फोटो काढून टाका, या आपल्याच मुली आहेत," एवढी एक ओळ तिथे लिही आणि बाहेर पड. नुसता गुपचूप बाहेर पडलास तर तुझी सुटका होईल, त्या मुलींची होणार नाही. फोटो राहिलेच तर एखाद्या मोठ्या माणसाला सांग. ती चुगली होणार नाही.

मोबाइलचं दुसरं. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव, उशाशी नको. ज्या खात्यांवरून ते सगळं समोर येतं ती बंद कर. तू काय पाहतोस ते पाहूनच तो फोन तुला पुढचं दाखवतो, हे तुझ्या पिढीला मी सांगायला नको. स्तोत्र १०१ मध्ये राजा म्हणतो, माझ्या डोळ्यांसमोर मी नीच गोष्ट ठेवणार नाही. समोर काय ठेवायचं हे त्यानं आधी ठरवलंय, मोह आल्यावर नाही. सवय सुटत नसेल तर फादरांशी किंवा समुपदेशकाशी बोल. स्वतःला घाणेरडा म्हणत बसू नकोस, त्यानं माणूस आणखी लपतो.

आणि ईयोबाचा तो अध्याय पहिल्या ओवीवर सोडू नकोस, पुढे वाच. पुढे त्याच अध्यायात तो विचारतो : वस्त्रावाचून मरणारा कोणी पाहून मी गप्प राहिलो का? विधवेचे डोळे मी शिणवले का? शत्रूचा नाश पाहून मला आनंद झाला का? एकीकडून वळवलेली नजर त्यानं दुसरीकडे लावली. लोकलच्या दारात उभं राहून फोनमध्ये पाहणाऱ्या मुलाला शेजारचा म्हातारा आधारासाठी हात शोधतोय हे दिसत नाही. करार पाळायला लागलास की ते दिसू लागेल.

नर्सबाई, मी तांडेल आहे, मासेमारीची बोट चालवतो. बोटीवर शिव्या दिल्याशिवाय काम होत नाही. पण घरी आल्यावर त्याच तोंडानं जपमाळ म्हणतो, तेव्हा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचं वाचन आठवतं आणि मन खातं. — पाचूबंदर

दादा, याकोबाच्या तिसऱ्या अध्यायातलं सुकाणू तुम्हाला मी काय समजावणार. एवढी मोठी जहाजं, जोराच्या वाऱ्यानं लोटली जाणारी, लहानशा सुकाणूनं सुकाणूवाल्याला हवी तिकडे वळतात, तशी जीभ, असं तो म्हणतो. एकाच तोंडातून स्तुती आणि शाप निघतात, हे असं असू नये, हेही त्याचंच.

वारा सुटलाय, जाळं अडकलंय, तेव्हा "दोर सोड!" म्हणून ओरडणं पाप नाही. तिथे हळू बोललात तर पोराचा हात जाईल. माझा प्रश्न वेगळा आहे. शिवी कोणाला जाते? नाखव्याला, बोटीच्या मालकाला, जाते का? नाही ना. ती जाते डहाणू-तलासरीकडून आलेल्या खलाशाला, ज्याची उचल, आगाऊ घेतलेले पैसे, तुमच्या वहीत आहे आणि जो उलटून बोलू शकत नाही. आई-बहिणीवरून दिलेली शिवी त्याला काम शिकवत नाही, त्याची जागा दाखवते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, तुमच्या तोंडून कुजकं बोलणं निघू नये, ऐकणाऱ्याच्या गरजेप्रमाणे त्याची उभारणी होईल असंच निघावं. तेव्हा हुकूम मोठ्यानं द्या, त्याच्या नावानं द्या, आईला मधे आणू नका.

याकोबाचं पत्र तिसऱ्या अध्यायावर मिटू नका. पाचव्या अध्यायाच्या चौथ्या ओवीत तो मजुरांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल बोलतो. ती मजुरी ओरडते आणि तो आवाज सेनाधीश प्रभूच्या कानी जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी ओढून ठेवण्याआधी खलाशांचा हिशेब पूर्ण झाला का, हे वहीत बघा. नाखवा देत नसेल तर त्याच्यासमोर तोंड उघडायचं काम तुमचं. तोंड सांभाळण्यातच ते येतं.

आमच्या शेजारी नवरा दारू पिऊन बायकोला मारतो. भिंतीपलीकडून ऐकू येतं. मी प्रार्थना मंडळात विषय काढला तर एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरचं बोलू नये, जिभेला लगाम घाल. सासूबाईही तेच म्हणतात. बायबल खरंच असं सांगतं का? — अलिबाग तालुका

नाही सांगत.

त्या बाईंनी ज्याचा आधार घेतला असेल ते ३९वं स्तोत्र आहे. तिथे स्तोत्रकर्ता तोंडाला लगाम घालतो खरा, पण दुसऱ्याच ओवीत तो म्हणतो की मी चांगलं बोलण्यापासूनही गप्प राहिलो आणि माझं दुःख वाढलं. गप्प राहणं आपोआप पुण्य ठरत नाही, हे तिथेच लिहिलेलं आहे. १४१व्या स्तोत्रात प्रार्थना आहे : प्रभू, माझ्या मुखावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. दार म्हटलं की ते योग्य वेळी उघडणंही आलं. आणि नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायात लमुएल राजाची आई त्याला स्पष्ट बजावते की मुक्यासाठी तोंड उघड, गरीब आणि पीडित यांचा न्याय कर. एका आईनं मुलाला दिलेली ही शिकवण आहे. आपल्या घरांत ती अजून पुरेशी दिली जात नाही.

दानिएलाच्या ग्रंथाचा १३वा अध्याय वाचा. हाही प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. बाबिलोनमध्ये योवाकिमाची बायको सुसान्ना आपल्या बागेत फिरायची. दोन वडीलधारे, समाजाचे न्यायाधीश, तिला रोज पाहत राहिले. त्यांनी आपले डोळे स्वर्गाकडून वळवले, असं तिथे लिहिलंय. तिनं नकार दिला तेव्हा त्यांनी तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला, आणि ते ज्येष्ठ असल्यामुळे सगळ्या सभेनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. तिला मृत्युदंडाला नेत असताना तरुण दानिएल मोठ्यानं ओरडला की या रक्ताचा मी वाटेकरी नाही. त्यानं दोघांना वेगवेगळं उभं करून विचारलं, कोणत्या झाडाखाली पाहिलंत? दोघांनी दोन वेगवेगळी झाडं सांगितली. त्या दिवशी सगळी सभा गप्प होती आणि एक निरपराध बाई मरायला निघाली होती. तोंड उघडणारा एकच निघाला.

आता तुम्ही करायच्या गोष्टी. मंडळात हा विषय पुन्हा काढू नका, "प्रार्थनेसाठी सांगते" असं म्हणूनही नाही. प्रार्थनेच्या नावाखाली फिरलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्या नवऱ्याच्या कानावर जाते आणि मार तिला बसतो. माझ्या नोकरीत मी हे जवळून पाहिलं आहे. तो कामावर असताना तिच्याकडे एकट्या जा. "मला भिंतीतून ऐकू येतं. तुला काय हवंय?" असं विचारा. ती म्हणेल, काही नाही, मी पडले. वाद घालू नका. "माझं दार रात्रीही उघडं आहे," म्हणा आणि आठवड्यानं परत जा. मी पाहिलेल्या बायका पहिल्या भेटीत क्वचितच बोलल्या. नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका, आणि तुमच्या यजमानांनाही पाठवू नका.

ती बोलली की तिला सांगा की १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला त्याच घरात राहण्याचा हक्क आहे. पुष्कळ बायका केवळ 'जाऊ कुठे' म्हणून मार खातात, म्हणून हे आधी सांगा. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कोणीही देऊ शकतं, शेजारीण म्हणून तुम्हीसुद्धा. चांगल्या हेतूनं दिलेल्या माहितीसाठी तुमच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. अंगावर वळ असतील तर सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करायला लावा, मलम लावून घरी आणू नका. गावच्या आशाताई भरवशाच्या असतील तर त्यांना बरोबर घ्या. यातलं प्रत्येक पाऊल तिला विचारून टाका.

एकच वेळ अशी आहे की तिला विचारत बसायचं नाही. जिवावर बेतलंय असं आवाजावरून वाटलं, तर तिच्या परवानगीची, सासूबाईंच्या परवानगीची वाट न पाहता ११२ला फोन करा. गाव, आळी आणि घराजवळची ठळक खूण, क्रूस असेल तर क्रूस, विहीर असेल तर विहीर, स्पष्ट सांगा आणि गाडी येईपर्यंत फोन जवळ ठेवा.